एका मेंढीचे तीन सरकारी भाव

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात उसाच्या कडेला मेंढ्यांचा वाडा बसलेला असतो. रात्री बिबट्या आला आणि वाघरीवरून, म्हणजे वाड्याभोवतीच्या जाळीवरून, उडी टाकून एक मेंढी घेऊन गेला, तर तिच्या मालकाला वनविभागाकडून बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. तीच मेंढी त्याच शेतात अवकाळी पावसात काकडून मेली, तर आपत्ती निवारणाच्या निकषांप्रमाणे मिळतात ४,००० रुपये. आणि पशुसंवर्धन विभाग स्वतः शेळी-मेंढी गट वाटतो, तेव्हा त्या योजनेत दख्खनी मेंढीची किंमत ८,००० आणि माडग्याळची १०,००० रुपये धरलेली आहे. मेंढी एक, सरकार एक, आणि तिचे भाव तीन.

गाईचंही तेच. दुधाळ जनावरांच्या गटवाटप योजनेत एका संकरित गाईची किंमत ७०,००० आणि म्हशीची ८०,००० रुपये धरतात. वाघ-बिबट्याने गाय मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के, पण ७०,००० च्या आत. पुरात गाय वाहून गेली तर ३७,५००. ओढकामाचा बैल गेला तर ३२,०००. वासरू आणि कालवड २०,००० च्या रकान्यात बसतात. पुढच्या महिन्यात व्यायला आलेली गाभण कालवड विकत घ्यायला बाजारात गेलात, तर २०,००० मध्ये कुणी तिच्या दाव्यालाही हात लावू देणार नाही. पण पुरात गेली की सरकारदरबारी ती वासरांच्या रांगेत जाऊन बसते.

माझं म्हणणं सरळ आहे. जनावर कशाने मेलं यावरून त्याची किंमत ठरवणं बंद करावं. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यासाठी राज्याने जे सूत्र मान्य केलं आहे, तेच पूर, वीज, गारपीट आणि अवकाळी पावसाला लावावं, आणि किती जनावरांना मदत द्यायची यावरची मर्यादा कायमची काढावी. त्यात पूर्ण भरपाई मागितलेली नाही. ७५ टक्क्यांच्या सूत्रातही चौथा हिस्सा पशुपालक स्वतःच सोसतो.

ही मर्यादा काय आहे ते आधी सांगतो, कारण मदतीचे आकडे वर्तमानपत्रात येतात आणि मर्यादा मात्र शासन निर्णयाच्या तळाशी राहते. केंद्राच्या निकषांप्रमाणे एका कुटुंबाला तीन मोठ्या दुधाळ जनावरांपर्यंत किंवा तीस लहान जनावरांपर्यंतच मदत मिळते. कोंबडीला १०० रुपये, आणि कुटुंबाला सगळ्या मिळून १०,०००. म्हणजे शंभर कोंबड्यांच्या पुढे मेलेली कोंबडी हिशेबातच नाही.

आता तीस मेंढ्यांचा आकडा वाड्यावर नेऊन बघा. समजा दोनशेच्या कळपातल्या साठ मेंढ्या एका रात्रीत गेल्या. मदत तीसची, प्रत्येकी ४,००० प्रमाणे १,२०,००० रुपये. सरकारच्याच योजनेतला दख्खनी मेंढीचा ८,००० चा भाव धरून ७५ टक्के लावले तर एका मेंढीला ६,००० आणि साठ मेंढ्यांचे ३,६०,००० होतात. मिळते ती रक्कम त्याच्या एक तृतीयांश. आणि यात पोटातली कोकरं धरलेली नाहीत.

साठ मेंढ्या एका रात्रीत कशा जातील, असं गावाबाहेर राहणाऱ्याला वाटू शकतं. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला हे घडलं आहे. ऐन थंडीत अवकाळी पाऊस आला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या तालुक्यांत मेंढ्या शेकड्यांनी मेल्या. गारा नव्हत्या की पूर नव्हता, पाऊस आणि बोचरं वारं एवढंच पुरलं. मेंढीच्या अंगावरची लोकर पाणी धरून ठेवते. वरून वारा लागला की अंगातली ऊब भराभर निघून जाते, आणि अशक्त, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या मेंढ्यांना ती परत आणता येत नाही. वाड्यावर निवारा म्हणजे चारी बाजूंनी वाघर, माणसांसाठी एखादं पाल आणि कोकरांवर झाकायला डालगं. दोनशे मेंढ्यांना आडोसा कुठून आणणार? अशा रात्री मेंढपाळ बायामाणसं पालातलं अंथरूण काढून कोकरांवर घालतात आणि स्वतः ओल्यात बसून राहतात. उजाडल्यावर कळप उठवायला जावं तर काही मेंढ्या उठतच नाहीत.

त्यानंतर कागद सुरू होतात. मेंढी मेली जुन्नरमध्ये, मेंढपाळ पारनेरचा किंवा संगमनेरचा. रेशनकार्ड तिकडचं, बँकेचं खातं तिकडचं. इथल्या तलाठ्याने पंचनामा करायचा, पशुवैद्यकाने येऊन मृत्यूचं कारण लिहायचं, पंच मिळवायचे. हे पंच त्याला ओळखत नसतात, कारण तो दिवाळीनंतर खाली कोकणात उतरणारा आणि पावसाळ्याच्या तोंडाला वर परतणारा माणूस. तालुकाभर मेंढ्या मेलेल्या असताना पशुवैद्यक एकटा किती वाड्यांवर पोचणार? मेंढपाळाला थांबून राहता येत नाही. उरलेल्या कळपाला चारा लागतो, ज्याच्या शेतात वाडा बसलाय त्याची पेरणी खोळंबते, आणि मेलेली जनावरं कुजायच्या आत पुरावी लागतात. तो पुढच्या गावी जातो आणि त्याचा अर्ज मागे एखाद्या फायलीत राहतो. पुन्हा त्या कचेरीत चक्कर मारायची तर एक माणूस कळपावरून कमी होतो, आणि वाड्यावर जास्तीचा माणूस नसतो.

२०२४ मध्ये राज्याने आणखी एक अट आणली. कानात बारा अंकी बिल्ला नसेल आणि त्याची भारत पशुधन प्रणालीवर नोंद नसेल, तर नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलेल्या जनावराची भरपाई मिळणार नाही. या अटीला माझा विरोध नाही. नोंद असलीच पाहिजे. पण गोठ्यातल्या चार गाईंना बिल्ले मारणं वेगळं आणि वर्षातले आठ महिने बोरी-बाभळींतून चालणाऱ्या दोनशे मेंढ्यांच्या कानात ते टिकवणं वेगळं. काट्यात अडकून कान फाटतो, बिल्ला पडतो. कोकरं दर हंगामाला नवीन येतात. बिल्ला मारायला कोण येणार, कुठे येणार, पडला तर पुन्हा कधी मिळणार, याची सोय आधी करायची आणि अट मागून घालायची, असा क्रम हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र नोंद घ्यायचं ठरलं. म्हणजे वाड्यावर जाऊन जनावरं मोजता येतात, हे शासनानेच मान्य केलं आहे. मोजायला जाता येतं तर बिल्ला मारायलाही जाता येईल.

गाईवाल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे, पण दुखणं तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या काठच्या गावांत रात्रीतून पाणी गोठ्यात शिरलं. अशा वेळी दावं सोडायला वेळ मिळाला तर जनावर पोहून कुठेतरी लागतं. नाही मिळाला तर दावणीलाच बुडतं. आणि दावं सोडलेलंही वाहत जाऊन दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात सापडतं, किंवा सापडतच नाही. जनावरच समोर नाही तर शवविच्छेदन कशाचं करणार आणि पंचनाम्यात काय लिहिणार? पिकांच्या बाबतीत मोबाईलवरचे फोटो चालतील असं त्या वेळी सांगितलं गेलं. पण मध्यरात्री छातीएवढ्या पाण्यात उभं राहून गाईचा फोटो कोण काढतं?

यावर उपाय आहे, आणि तो गावातच आहे. संकलन केंद्रावर रोजच्या रोज दुधाची नोंद होते: सकाळ-संध्याकाळ किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) किती. ज्या घरातून आदल्या संध्याकाळपर्यंत पंचवीस लिटर दूध येत होतं, त्या घराचं दूध दुसऱ्या दिवशी पाच लिटरवर आलं किंवा थांबलंच, तर त्याहून चांगला पुरावा तलाठ्याला तरी कुठून मिळणार? बिल्ल्याची नोंद, संकलन केंद्राचा उतारा आणि ग्रामसभेतला शेजाऱ्यांचा जबाब, हे तिन्ही जुळत असतील तर सापडलेलं नसलं तरी ते जनावर मेलं असं धरलं पाहिजे. दूध घालत नाहीत त्यांच्यासाठी बिल्ला आणि जबाब पुरेसे मानावेत.

३७,५०० रुपयांत काय येतं तेही बघू. बारा लिटर दूध देणारी गाय आणि लिटरला ३० रुपये भाव धरला, तर दिवसाला ३६० रुपयांचं दूध. म्हणजे ही मदत जेमतेम साडेतीन महिन्यांच्या दुधाची, तीही चारा-पेंडीचा खर्च वजा न करता. आणि गाय कर्जावर घेतलेली असते. हप्ता दहा दिवसांच्या दूध बिलातून परस्पर कापला जातो. गाय गेली की बिल थांबतं, हप्ता थांबत नाही. मदतीची रक्कम खात्यावर येते तेव्हा त्यातून आधी थकलेले हप्ते जातात. नवी गाय घ्यायला उरतं काय? मग माणूस दुसरं कर्ज काढतो, किंवा गोठा मोडतो. गोठा मोडलेलं घर पुन्हा दुधात येत नाही, हे पश्चिम महाराष्ट्रात २०१९ च्या महापुरानंतर आणि त्याआधी दुष्काळांतही लोकांनी पाहिलं आहे.

आता समोरची बाजू, कारण तीही पोकळ नाही. केंद्र सरकार पहिल्यापासून सांगत आलं आहे की आपत्ती निधीतून मिळते ती तातडीची मदत असते, नुकसानीची भरपाई नव्हे. वन्यप्राण्यांचं प्रकरण वेगळं: बिबट्या कायद्याने संरक्षित आहे, शेतकऱ्याला त्याला मारायला बंदी आहे, म्हणून त्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी राज्यावर येते. पावसाला राज्य जबाबदार कसं? शिवाय राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्राच्या वाट्याचे ७५ टक्के केंद्राकडून येतात, त्याचे नियम दिल्लीत ठरतात, मुंबईत कितीही वाटलं तरी हात बांधलेले आहेत.

यातला पहिला मुद्दा मी मान्य करतो आणि तरीही म्हणतो की तो इथे लागू पडत नाही. तातडीची मदत कशासाठी असते? माणूस पुन्हा उभा राहावा म्हणून. पीक गेलं तरी शेत जागेवर राहतं आणि पुढच्या हंगामात पेरता येतं. जनावर हे पशुपालकाचं पीकही आहे आणि शेतही. ज्याला एक गुंठाही जमीन नाही अशा मेंढपाळाला किंवा चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला पुन्हा उभं राहायचं तर जनावरच लागतं. निम्म्या किमतीची मदत निम्मं जनावर आणून देत नाही. ती माणूस उभा करण्याच्या कामाची नाही, मग तिला मदत म्हणा किंवा भरपाई.

हात बांधले असल्याचा मुद्दा तर राज्यानेच खोडून काढला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात जनावरांसाठीची तीनची मर्यादा काढली. दर केंद्राचेच ठेवले, ३७,५०० आणि ३२,०००, कोंबडीला १००. पण मर्यादा काढता येते हे सिद्ध झालं. २०२२ मध्ये गुरांवर लम्पी हा त्वचारोग आला तेव्हाही राज्याने गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. म्हणजे मनात आलं की मार्ग निघतो. अडचण एवढीच की तो दर वेळी एका आपत्तीपुरता, एका पॅकेजपुरता निघतो, आणि तोही जेव्हा नुकसान इतकं मोठं असतं की मंत्र्यांना बांधावर जावं लागतं. एका गावात वीज पडून अकरा शेळ्या मेल्या, एका वाड्यावर चाळीस मेंढ्या काकडल्या, तर त्यासाठी पॅकेज येत नाही. पशुपालकांचं बरंचसं नुकसान असं सुटं सुटं होतं, आणि तिथे जुनेच दर आणि जुनीच मर्यादा चालते.

पॅकेजमधली मोठी रक्कम हेक्टरी वाटली जाते, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण जमिनीची नोंद सातबाऱ्यावर आहे. पण त्यामुळे मदतीची सगळी यंत्रणा सातबाऱ्याच्या वाटेने धावते: ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, आधार जोडलेलं खातं. ज्याच्या नावावर जमीनच नाही तो या वाटेवर दिसत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. यांतल्या किती भूमिहीनांच्या दारात आहेत ते कुठल्याही गावात वस्तीवर एक फेरी मारली तरी कळतं. शेळी विकून मुलीची फी भरणारी बाई कुठल्याच यादीत शेतकरी नसते.

गैरव्यवहाराची भीती खरी आहे, तिला झटकून टाकू नये. २०१२ नंतरच्या दुष्काळात चारा छावण्यांत झालेल्या गैरप्रकारांचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, छावणीचालकांवर गुन्हे दाखल झाले. कागदावर जनावरं वाढवली गेली. पण ती वाढवणारे छावणी चालवणारे होते, दावणीला आपली दोन जनावरं आणून बांधणारा शेतकरी नव्हता. चालकांनी केलेल्या चोरीसाठी मेंढपाळाच्या मदतीवर मर्यादा घालणं न्यायाचं नाही. आणि आता बिल्ल्याची नोंद आहे. बारा अंकी क्रमांक एकदा मृत म्हणून नोंदला की त्यावर पुन्हा मदत काढता येत नाही. नोंद सक्तीची करून झाल्यावरही तीनची आणि तीसची मर्यादा ठेवायची, तर मग नोंदीचा उपयोग काय?

विमा काढा, असंही सांगितलं जातं. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाला हप्त्याचा फक्त १५ टक्के हिस्सा भरावा लागतो, ही चांगली गोष्ट आहे आणि ती गावोगावी सांगायला हवी. पण तिथेही दहा पशुघटकांची मर्यादा आहे, म्हणजे शंभर मेंढ्या. बिल्ला पडला की दावा फेटाळला जातो. आणि दावा मंजूर व्हायला तोच पशुवैद्यक, तोच पंचनामा लागतो, जो अवकाळीच्या रात्रीनंतर मिळत नाही. विमा मदतीच्या जोडीला हवा. मदत कमी ठेवण्याचं कारण म्हणून तो पुढे करू नये.

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो उशीर. वन्यप्राण्यांच्या बाबतीत ३० दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर व्याज द्यायचं, असं बंधन राज्याने कायद्यानेच स्वतःवर घालून घेतलं आहे. पुरात किंवा पावसात जनावर गेलेल्याला अशी कुठलीच तारीख नाही. तहसील कचेरीत यादी, यादीतून दुरुस्ती, दुरुस्तीनंतर निधी आला की वाटप, आणि वाटपाच्या वेळी खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून परत. तोपर्यंत सावकाराने कळपातल्या उरलेल्या गाभण मेंढ्या उधारीत वळत्या केलेल्या असतात. मेंढपाळाकडे हाती धरण्यासारखं दुसरं काही नसतं, म्हणून तो जगण्याचंच साधन विकतो.

सध्याचे केंद्रीय निकष १५व्या वित्त आयोगाच्या काळासाठी, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतचे म्हणून ठरले होते. आधीच्या निकषांत दुधाळ जनावराला ३०,००० आणि मेंढी-शेळीला ३,००० होते, ते २०२२ मध्ये ३७,५०० आणि ४,००० झाले. अशी वाढ दर पाच-सात वर्षांनी होते आणि बाजार तोवर पुढे निघून गेलेला असतो. म्हणून पुढच्या पाच वर्षांच्या निकषांत रकमेऐवजी सूत्र घालावं: बाजारभावाचे ७५ टक्के, आणि बाजारभाव म्हणून पशुसंवर्धन विभागाच्या गटवाटप योजनेतला चालू दर. हा दर विभागालाच बदलत ठेवावा लागतो, त्यामुळे मदतही त्याच्यासोबत आपोआप बदलेल. महाराष्ट्राने केंद्राकडे ही मागणी लेखी लावून धरावी. लोणंद, चाकण, बेल्हे इथल्या जनावरांच्या बाजारांत आठवड्याला सौदे होतात. भाव काय चाललाय हे शोधायला समिती नेमण्याची गरज नाही.

दिल्लीत ते होईल तेव्हा होईल. मुंबईत मात्र एक काम आजच होण्यासारखं आहे. २०२५ च्या पॅकेजमध्ये तीन जनावरांची मर्यादा काढली, ती एका पुरापुरती न ठेवता कायमची काढल्याचा शासन निर्णय काढावा. त्यात तीस मेंढ्या-शेळ्यांची आणि शंभर कोंबड्यांची मर्यादाही नाव घेऊन रद्द करावी. पंचनामा जिथे जनावर मेलं तिथल्या तलाठ्याने करायचा आणि पैसे मेंढपाळाच्या खात्यावर, तो कुठल्याही तालुक्याचा असो, ३० दिवसांत जमा करायचे, एवढं त्याच निर्णयात लिहावं. आणि हे सगळं येत्या दिवाळीनंतर मेंढ्या माळशेज घाट उतरून खाली जायच्या आधी व्हावं.